विद्युत् दाब

विद्युत् दाब : एकक विद्युत् प्रभार मंडलातील एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना जे कार्य घडते, तो त्या दोन बिंदूंमधील विद्युत् दाब. शालेय पुस्तकांत याला विभवांतर म्हणतात, बोलण्यात सगळीकडे व्होल्टेज. 1 कूलोम प्रभारामागे 1 ज्यूल कार्य होत असेल तर दाब 1 व्होल्ट असतो.

व्याख्येतले ‘दोन बिंदू’ वगळले की पुढचे सगळेच चुकते. एकट्या बिंदूला दाब नसतो. तारेत 230 व्होल्ट आहेत असे आपण म्हणतो तेव्हा दुसरा बिंदू न्यूट्रल किंवा जमीन आहे हे गृहीत धरलेले असते. 11,000 व्होल्टच्या उघड्या तारेवर साळुंकी खुशाल बसते, कारण तिच्या दोन पायांमधल्या वीतभरही नसलेल्या तारेत दाबाचा फरक नगण्य असतो. वटवाघूळ मात्र पंख पसरताना शेजारच्या तारेला टेकते आणि होरपळते.

दाब टिकवून धरणारे पहिले साधन इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1800 साली जाहीर केले. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि अशा जोड्यांची चळत. जितक्या जोड्या जास्त तितका दाब जास्त. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही हाच हिशेब आहे : शिसे-आम्लाचा एक घट सुमारे 2 व्होल्टचा, सहा घट एकसर जोडले की 12. व्होल्टा यांच्या नावाचे एकक 1881 च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने स्वीकारले.

मंडलात दाब कसा वागतो हे दोन नियमांवरून कळते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम यांच्या नियमानुसार (1827) वाहकाच्या टोकांमधील दाब हा त्यातील धारा आणि त्याचा रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. गुस्टाव्ह किरखोफ यांनी 1845 मध्ये त्याला जोड दिली : बंद वाटेने फिरून मूळ जागी आले की वाटेतल्या सर्व चढउतारांची बेरीज शून्य होते. स्रोताने दिलेला दाब वाटेतल्या रोधांमध्ये पूर्णपणे वाटला जातो. मोठ्या रोधाच्या वाट्याला मोठा हिस्सा येतो. तारही त्या वाटेकऱ्यांपैकीच एक असते.

उदाहरणार्थ, 230 व्होल्टवर 2,300 वॅट घेणाऱ्या हीटरचा रोध 23 ओहम असतो. लांबच्या बारीक वायरचा जाऊन-येऊन रोध 2 ओहम धरला तर एकूण रोध 25 ओहम आणि धारा 9.2 अँपिअर. वायरच 18.4 व्होल्ट खाते, हीटरला 211.6 मिळतात आणि त्याची शक्ती सुमारे 1,950 वॅटवर येते. गेलेला दाब वायर तापवण्यात खर्ची पडतो. हीटर बंद केला की धारा थांबते, वायरमधली घट नाहीशी होते आणि मीटर पुन्हा पूर्ण 230 दाखवतो. जोड सैल असला तरी असेच फसायला होते. टेस्टरचा निऑन दिवा नाममात्र धारेवर पेटतो, म्हणून टेस्टर लागतो पण पंखा फिरत नाही. जाणता वायरमन अशा वेळी टेस्टरवर विसंबत नाही. बल्ब जोडून, म्हणजे लोड टाकून बघतो.

शेतीपंपाच्या ‘व्होल्टेज डाउन’ची तक्रार याच हिशेबातली. डीपीपासून, म्हणजे वितरण रोहित्रापासून दूर, लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीवर दाब आधीच घटलेला असतो, आणि वीज येताच सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. प्रवर्तन मोटारीचे आघूर्ण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्रिफेज मोटारीला 415 ऐवजी 300 व्होल्ट मिळाले तर ते जवळजवळ निम्म्यावर येते. पाणी उचलण्याचे काम तेवढेच राहते, म्हणून मोटार जादा धारा ओढते आणि वाइंडिंग जळते. दाब कमी म्हणजे धोका कमी, हा समज इथे महागात पडतो.

याच्या उलट गोष्ट न्यूट्रल तुटल्यावर घडते. त्रिफेज वितरणात दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये 230. सामायिक न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे 400 व्होल्टवर नकळत एकसर जोडली जातात. एका घरात 2,000 वॅटचा गीझर, दुसऱ्यात फक्त 100 वॅटचा बल्ब चालू असेल, आणि त्यांचे रोध कायम राहतात असे धरले, तर गीझरला जेमतेम 19 व्होल्ट मिळतात आणि बल्बवर 381 येतात. ज्याचा वापर कमी त्याचे नुकसान जास्त. वस्तीतले टीव्ही एकाच वेळी उडाले तर आधी न्यूट्रलचा जोड तपासावा.

घरातले 230 व्होल्ट ही प्रत्यावर्ती दाबाची परिणामी किंमत आहे. प्रत्यक्ष दाब सेकंदाला 50 आवर्तने करत दोन्ही दिशांना सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातो. असा दाब रोहित्राने सहज चढवता-उतरवता येतो, आणि लांब पल्ल्याच्या वहनाला तेच हवे असते : तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर धारा एक दशांश होते आणि तारेतील उष्णतेचा अपव्यय एक शतांश. फार लांबच्या वहनाला कधी उच्च दाबाची दिष्ट धाराही वापरतात; चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला येणारी वाहिनी जमिनीच्या संदर्भात अधिक आणि उणे 500 किलोव्होल्टवर चालते.

मुंबईची लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवर धावू लागली ती 1,500 व्होल्ट दिष्ट दाबावर. तेव्हाच्या मोटारींना तो सोयीचा होता, पण धारा प्रचंड लागे. म्हणून वरच्या तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत. 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर त्याच शक्तीला साधारण एक सतरांश धारा पुरते. 1,500 वरून 25,000 व्होल्टवर जाण्याचा हा बदल टप्प्याटप्प्याने झाला, आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरून 1,500 व्होल्ट कायमचे गेले.