नावे चार, निष्ठा कोणाशी? मुंबईच्या व्यावसायिक हॉकी संघांचा मागोवा

विलेपार्ले, प्रतिनिधी

विलेपार्ले स्थानकातून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या क्रीडारसिकाला सुमारे वीस किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. चर्चगेटला उतरल्यावर वानखेडे स्टेडियम आणि महिंद्र हॉकी स्टेडियम ही दोन्ही मैदाने काही मिनिटांच्या चालीवर आहेत. गाडी तीच, तिकीट तेवढेच आणि वेळही सारखाच. तरीही २००८ पासून क्रिकेटच्या ‘मुंबई इंडियन्स’साठी हा प्रवास आनंदाने करणाऱ्या उपनगरवासीयांना आपल्या शहराच्या हॉकी संघाचे नाव विचारले, तर बहुतेकांना चटकन उत्तर देता येणार नाही. याचा दोष केवळ प्रेक्षकांच्या माथी मारता येणार नाही, कारण २००५ ते २०१७ या काळात मुंबईच्या वा महाराष्ट्राच्या नावाने या शहरासमोर तीन वेगवेगळ्या स्पर्धांमधून चार हॉकी संघ आले आणि चारही संघ इतिहासजमा झाले. संघाची ओळख कशी घडते, व्यवस्थापनाचे निर्णय तिला कसे पोसतात किंवा मारतात आणि चाहत्यांची निष्ठा कशावर उभी राहते, हे समजून घेण्यासाठी मुंबईसारखे दुसरे उदाहरण नाही.

नोकरीशी बांधलेले संघ

मुंबईला हॉकीची परंपरा नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कोलकात्याची बेटन चषक स्पर्धा १८९५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ १८९६ मध्ये मुंबईत आगाखान स्पर्धेचा प्रारंभ झाला. स्वातंत्र्योत्तर काळात बॉम्बे गोल्ड कप स्पर्धेने देशभरातील नामवंत संघांना या शहरात आणले. या स्पर्धांमध्ये खेळणारे प्रमुख संघ मात्र शहराचे नव्हते, तर संस्थांचे होते. रेल्वे, कस्टम्स, टाटा, महिंद्र, तेल कंपन्या, बँका आणि विमान कंपन्या यांनी गुणवान खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि त्या बदल्यात खेळाडूंनी संस्थेची जर्सी अंगावर चढवली.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे धनराज पिल्ले. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेल्या या खेळाडूची कारकीर्द मुंबईत महिंद्रच्या संघातून बहरली. पुढे तो विलेपार्ल्याला लागून असलेल्या विमानतळावरून आपला कारभार चालवणाऱ्या इंडियन एअरलाइन्सकडे गेला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळलेल्या आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या या कर्णधाराला घर चालवण्याचा आधार नोकरीनेच दिला होता.

या संघांचा पाठीराखा वर्ग मर्यादित होता, परंतु पक्का होता. कचेरीतील सहकारी, कर्मचारी वसाहतीतील कुटुंबे आणि हॉकीची आवड जपणारी वांद्रे, माहीम परिसरातील ख्रिस्ती मंडळी हा त्याचा गाभा. संघात कोण येणार हे मालक बदलल्याने ठरत नसे आणि खेळाडू वर्षानुवर्षे त्याच रंगात दिसत. उणीव एवढीच होती की, जो त्या संस्थेत नोकरीला नाही, त्याला तो संघ ‘आपला’ वाटण्याचे कारण नव्हते. शहराच्या नावाचा व्यावसायिक संघ ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा होती.

मराठा वॉरियर्स : घराबाहेरचा संघ

जानेवारी २००५ मध्ये भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यांनी प्रीमियर हॉकी लीग सुरू केली. क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग त्यानंतर तीन वर्षांनी अवतरली, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे लागेल. महाराष्ट्राचा संघ ‘मराठा वॉरियर्स’ या नावाने उतरला आणि नेतृत्व धनराज पिल्लेकडे आले. नावाला इतिहासाचा आधार होता आणि कर्णधार मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. ओळख निर्माण करण्यासाठी लागणारे साहित्य हाताशी होते.

परंतु पहिल्या मोसमातील सर्व सामने हैदराबादच्या गच्चीबावली येथील मैदानावर झाले. साहजिकच स्थानिक हैदराबाद सुलतान्सला घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा मिळाला आणि विजेतेपदही त्याच संघाने पटकावले. महाराष्ट्रातील चाहत्यांसाठी मराठा वॉरियर्स हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचा संघ राहिला. एप्रिल २००८ मध्ये खेळाडू निवडीतील लाचखोरीच्या आरोपांमुळे महासंघाचे सचिव के. ज्योतीकुमारन यांना पद सोडावे लागले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. त्याच्या महिनाभर आधी चिलीतील पात्रता स्पर्धेत हरल्याने भारताची बीजिंग ऑलिंपिकची वाट बंद झाली होती. लीगचा २००८ चा मोसम अखेरचा ठरला आणि तिच्यासोबत मराठा वॉरियर्सही संपला.

दोन संघटनांच्या भांडणात मुंबई मरीन्स

२००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही नवी संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला मान्यता दिली, तथापि जुन्या महासंघाने आपला हक्क सोडला नाही. या वादातून निम्बस कंपनीच्या साहाय्याने जुन्या महासंघाने २९ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०१२ या काळात वर्ल्ड सीरिज हॉकी भरवली. आठ संघांत महाराष्ट्राचे दोन होते : मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स.

या वेळी घरच्या मैदानाचा प्रश्न सुटला होता. अंतिम सामना मुंबईतच महिंद्र स्टेडियमवर झाला आणि त्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सवर ५-२ अशी मात केली. राज्यातील संघ अंतिम फेरीत आणि सामना राजधानीत, असा योग जुळून आला होता. दुसरीकडे, सात वर्षांपूर्वी मराठा वॉरियर्सचे नेतृत्व करणारा धनराज या स्पर्धेत कर्नाटक लायन्सकडे होता. स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. पुढच्या मोसमाची घोषणा झाली, मात्र तो खेळला गेला नाही. मरीन्सचे आयुष्य जेमतेम पाच आठवड्यांचे ठरले.

मॅजिशियन्स ते दबंग

जानेवारी २०१३ मध्ये हॉकी इंडियाने अधिकृत मान्यता असलेली हॉकी इंडिया लीग सुरू केली आणि ‘मुंबई मॅजिशियन्स’ या नावाने मुंबईचा नवा संघ उभा राहिला. ड्रॅग-फ्लिकर संदीप सिंग आणि ऑस्ट्रेलियाचे नामांकित प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ यांच्यामुळे संघाविषयी उत्सुकता होती. परंतु पहिल्याच आठवड्यात नियंत्रण रेषेवरील तणावाचे पडसाद उमटले. मुंबईत शिवसेनेने पाकिस्तानी खेळाडूंविरोधात निदर्शने केली आणि लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परत पाठवण्यात आले. त्यांपैकी चार मुंबईच्या संघातील होते. तळ ढवळून निघालेला हा संघ पाच संघांत शेवटच्या स्थानावर राहिला. दुसऱ्या मोसमात संदीप सिंग पंजाब वॉरियर्सकडे दिसला.

२०१४ च्या मोसमानंतर मुंबईचा संघ डू-इट स्पोर्ट्स मॅनेजमेंट या कंपनीकडे गेला. तिच्याकडे प्रो कबड्डी लीगमधील ‘दबंग दिल्ली’ हा संघ होता आणि त्याच नावाच्या धर्तीवर मुंबईचा हॉकी संघ ‘दबंग मुंबई’ झाला. मालकाच्या दृष्टीने एकाच नावाखाली दोन संघ चालवणे सोयीचे होते. मात्र ज्या चाहत्याने दोन वर्षांपूर्वी मॅजिशियन्सची जर्सी घेतली होती, त्याच्या दृष्टीने तो कपडा एका रात्रीत निरुपयोगी ठरला. नव्या नावात शहराच्या इतिहासाचा वा भाषेचा अंश नव्हता.

मैदानावर मात्र हा संघ सुधारत गेला. आज भारताचा कर्णधार म्हणून परिचित असलेला हरमनप्रीत सिंग दबंग मुंबईच्याच जर्सीत नावारूपाला आला. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी चंडीगड येथे संघाने अंतिम सामना खेळला, परंतु कलिंग लान्सर्सकडून १-४ असा पराभव पत्करला. मुंबईच्या व्यावसायिक हॉकीतील हा सर्वोच्च क्षण अखेरचाही ठरला. लीग बंद पडली आणि संघ विस्मृतीत गेला.

घरचे खेळाडू, परके रंग

निष्ठेला चेहरा लागतो आणि तो चेहरा गल्लीतला असेल तर ती अधिक घट्ट होते. मरीन लाइन्स परिसरात, महिंद्र स्टेडियमपासून जवळच वाढलेले युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे बंधू भारताकडून खेळले. देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही होता. हॉकी इंडिया लीगमध्ये मात्र युवराजला दिल्ली वेव्हरायडर्सने घेतले, तर देविंदर कलिंग लान्सर्सकडून खेळला. लिलावाच्या पद्धतीत बोली वाढवणाऱ्याला खेळाडू मिळतो. गावच्या मुलाला राखून ठेवण्याची गरज व्यवस्थापनाला वाटली नाही, तर नियमही तशी सक्ती करत नाहीत.

इतरांनी काय केले?

नाव बदलल्यानेच सारे बिघडते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१३ चा विजेता रांची ऱ्हायनोज संघ मालकी आणि वादांमुळे लीगबाहेर गेला. २०१५ मध्ये महेंद्रसिंग धोनीची सहमालकी असलेला रांची रेज हा नवा संघ आला आणि पहिल्याच वर्षी जिंकला. नाव बदलले तरी झारखंडमध्ये हॉकी हा गावोगावीचा खेळ असल्याने प्रेक्षक तुटला नाही. रुजलेली जमीन असेल तर पाटी बदललेली चालते. मुंबईत मात्र पाटीवरच सारी भिस्त होती.

ओडिशाने वेगळा मार्ग धरला. २०१४ मध्ये लीगमध्ये आलेल्या कलिंग लान्सर्समागे राज्याचे औद्योगिक महामंडळ आणि महानदी कोलफिल्ड्स होते. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचेही प्रायोजकत्व घेतले आणि २०२३ च्या विश्वचषकासाठी रुरकेला येथे बिरसा मुंडा स्टेडियम उभारले. लीग सात वर्षे बंद राहिल्यानंतर मालक बदलले, परंतु ‘कलिंग लान्सर्स’ हे नाव वेदांत समूहाच्या नावाला जोडून टिकून राहिले.

पार्लेकरांना यापेक्षा जवळचा धडा पुढच्याच स्थानकावर मिळतो. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी फुटबॉल संघाने २०१६ पासून अंधेरीच्या क्रीडा संकुलाला घर मानले. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी कंपनीने त्यातील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. तरीही नाव आणि निळा रंग कायम राहिला आणि ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या चाहत्यांच्या गटाला आपली गाणी बदलावी लागली नाहीत. मुंबई इंडियन्सला इंडियन प्रीमियर लीगचे पहिले विजेतेपद मिळवण्यासाठी २०१३ पर्यंत थांबावे लागले. त्या पाच वर्षांत नाव आणि सचिन तेंडुलकर या दोन गोष्टी हलल्या नाहीत. निष्ठा विजयातून येते, हा समज या दोन्ही उदाहरणांनी खोटा ठरवला आहे.

नव्या लीगमध्ये मुंबई कोठे?

२८ डिसेंबर २०२४ रोजी हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ आणि प्रथमच महिलांचे चार संघ सहभागी झाले. पुरुष संघांना खेळाडूंच्या लिलावासाठी प्रत्येकी चार कोटी रुपयांची मर्यादा होती आणि हरमनप्रीतला ७८ लाख रुपयांची सर्वोच्च बोली लाभली. ही बोली लावणारा ‘जेएसडब्ल्यू सूरमा हॉकी क्लब’ मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाचा आहे, मात्र तो प्रतिनिधित्व पंजाब आणि हरियाणाचे करतो. बारा संघांत मुंबई वा महाराष्ट्राच्या नावाचा एकही नव्हता. हॉकीसाठी पैसा मुंबईतून निघाला, परंतु मुंबईसाठी खर्च झाला नाही.

स्थानिक खेळाडूंच्या दृष्टीने ही केवळ भावनेची बाब नाही. विमान कंपनी आणि अन्य सार्वजनिक संस्थांचे स्वरूप बदलल्यानंतर खेळाच्या बळावर नोकरी मिळण्याचा जुना मार्ग अरुंद होत गेला आहे. व्यावसायिक संघ हा त्याला पर्याय ठरू शकला असता. संघच नसेल तर शालेय स्पर्धा गाजवणाऱ्या उपनगरातील मुलाला दहावीनंतर स्टिक का हाती ठेवावी, हे पटवून देणे पालकांना अवघड जाते. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या हॉकी संघटना स्वतंत्र असल्याने एकत्रित प्रयत्नांची वाटही सोपी नाही.

पाचव्यांदा मुंबईच्या नावाने संघ उभा राहिलाच, तर त्याच्या मालकाने नाव आणि रंग निवडण्यापूर्वी ते किती वर्षे राखणार, हे जाहीर करावे. संघात निदान काही खेळाडू येथल्या मैदानांवर घडलेले असावेत आणि सामने चर्चगेटला व्हावेत. चर्चगेटची गाडी पार्ल्याहून सुटतेच, तिच्यात बसण्यासाठी हॉकीरसिकाला एक टिकाऊ कारण हवे आहे.

एका दृष्टिक्षेपात

२००५ : प्रीमियर हॉकी लीग सुरू, मराठा वॉरियर्सचा प्रवेश
२००८ : भारतीय हॉकी महासंघ निलंबित, लीगचा अखेरचा मोसम
२०१२ : वर्ल्ड सीरिज हॉकीचा एकमेव मोसम, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स
२०१३ : हॉकी इंडिया लीग, मुंबई मॅजिशियन्स
२०१५ : दबंग मुंबईचा पहिला मोसम
२०१७ : दबंग मुंबई उपविजेता, त्यानंतर लीग बंद
२०२४ : लीगचे पुनरागमन, मुंबईचा संघ नाही