सगळ्यांची वाट एकदम पाहणारा प्रोग्राम

वणीत सी भाषा शिकताना माझ्या टेबलावर एकच पुस्तक होतं : नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. तेव्हा लिहिलेला माझा प्रत्येक प्रोग्राम ‘मेन’पासून सुरू व्हायचा, ‘स्कॅनएफ’पाशी येऊन थांबायचा, कुणी आकडा टाइप केला की पुढे सरकायचा आणि उत्तर छापून संपायचा. शिकायला हे उत्तमच. पण तुमच्या हातातला फोन असा चालत नाही. कधी स्क्रीनला बोट लागेल, कधी मेसेज येईल, कधी गजर वाजेल, याचा नेम नाही. एकाचीच वाट पाहत बसलं, तर बाकीचे ताटकळतात. मग सगळ्यांची वाट एकदम कशी पाहायची? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ‘इव्हेंट लूप’, आणि ते घडायला बरीच वर्षं लागली.

१९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ‘सिलेक्ट’ हा सिस्टिम कॉल आला. प्रोग्रामनं कर्नलकडे जोडण्यांची यादी द्यायची आणि सांगायचं, ‘यांतलं कुणी बोललं की मला उठव.’ तोवर प्रोग्राम झोपलेला, प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा. अडचण होती ती यादीची. दर खेपेला ती नव्यानं द्यायची आणि कर्नलनं पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची.

आमच्याकडच्या कापसाच्या हंगामातली गाड्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. काट्यावरचा माणूस दर वेळी रांगेच्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येकाला ‘तयार आहे का?’ विचारू लागला, तर दहा गाड्यांना जमेल. हजार गाड्यांना त्याचा दिवस चालण्यातच जाईल. शिवाय सिलेक्टची यादी बहुतेक यंत्रणांवर १,०२४ नोंदींपर्यंतच जायची.

दुसरा प्रचलित मार्ग होता प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड देण्याचा. तो सोपा, पण महागडा. ज्याचं नेटवर्क मंद, तो सर्व्हरची तेवढी मेमरी जास्त वेळ अडवून बसणार. म्हणजे शहरातल्या जलद जोडणीवाल्यापेक्षा वणीतला, रेंज शोधत गच्चीवर उभा असलेला माणूस सर्व्हरला जास्त जड.

१९९९ मध्ये डॅन केगल या अभियंत्यानं थेट प्रश्न मांडला : एका यंत्रानं एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं का सांभाळू नयेत? हाच तो ‘सी-टेन-के’ प्रश्न. २००० साली फ्रीबीएसडीमध्ये ‘केक्यू’ आलं, २००२ मध्ये लिनक्समध्ये ‘ईपोल’. आता यादी एकदाच नोंदवायची, ती कर्नलच सांभाळणार आणि तयार झालेल्यांचीच नावं हाती देणार. गाडीवाल्यानंच तयार झाल्यावर काट्यावर चिठ्ठी आणून द्यावी, तसं.

पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची बोली वेगळी. म्हणून दुभाष्याचं काम करणाऱ्या सी लायब्ररी आल्या : नील्स प्रोव्होसची ‘लिबइव्हेंट’, मग मार्क लेहमनची ‘लिबईव्ही’. २००९ मध्ये रायन डालनं नोड जेएस उभं केलं ते लिबईव्हीच्या आधारावर. विंडोजची रीत मात्र उलटी होती. युनिक्स सांगतं, ‘वाचायला तयार आहे’. विंडोज सांगतं, ‘वाचून झालं’. दोन्हींना एका छताखाली आणण्यासाठी २०११ मध्ये ‘लिबयूव्ही’ जन्मली.

तिच्यात लूप उभा करायला मोजक्याच ओळी लागतात. ‘यूव्ही लूप इनिट’नं लूप तयार करायचा. टायमर, नेटवर्कची जोडणी अशी कामं त्यावर नोंदवायची आणि प्रत्येकासोबत एक फंक्शन द्यायचं : हे घडलं की याला बोलाव. मग ‘यूव्ही रन’. काहीच नोंदवलं नसेल, तर ते लगेच परत येतं. वाट पाहायला कुणी नाहीच. काम असेल, तर लूप जवळचा टायमर पाहतो, फार तर तेवढाच वेळ झोपतो, जो तयार झाला त्याचं फंक्शन चालवतो आणि पुन्हा फेरी सुरू करतो. शेवटी ‘यूव्ही लूप क्लोज’. एखादी जोडणी उघडी राहिली असेल, तर ते बंद व्हायला नकार देतं.

शिस्त एकच : बोलावलेल्या फंक्शननं काम उरकून लवकर परत यायचं. थ्रेड एकच असतो. एकानं लांबलचक गणित मांडलं की सगळे थांबले. अँड्रॉइड ॲपचा मुख्य थ्रेडही असाच लूप चालवतो, आणि त्याच्या तळाशी ईपोलच आहे. स्क्रीनवरच्या स्पर्शाला पाच सेकंदांत दाद मिळाली नाही, की ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. ती तुम्ही पाहिलीच असेल.

या इतिहासाकडे वेगाची शर्यत म्हणून पाहिलं जातं. मला तो थांबण्याची किंमत कमी होण्याचा इतिहास वाटतो. लूपसाठी मंद गिऱ्हाईक म्हणजे यादीतली एक नोंद आणि थोडीशी मेमरी. त्याचा पुढचा तुकडा यायला दोन सेकंद लागोत की वीस, लूप तोवर इतरांची कामं करतो किंवा झोपतो. नेट सर्वांत हळू असलेल्या माणसालाही ताटकळत ठेवायचं नसेल, तर सर्व्हरला त्याचं थांबणं परवडायला हवं. ते परवडू लागलं, हे या वीस-तीस वर्षांतल्या सी प्रोग्रामरांचं काम.