थरांचा वाचक

कॉलेजची पायरी आम्ही कधी चढलो नाही. भूगर्भशास्त्र वाचले ते सार्वजनिक वाचनालयात. विल्यम स्मिथविषयी बोलताना म्हणूनच आमचा थोडा पक्षपात होईल, तो श्रोत्यांनी पोटात घालावा.

हा इंग्लंडातल्या लोहाराचा मुलगा, जन्म १७६९ चा. सॉमरसेटमध्ये कोळशाच्या कालव्याची मोजणी करताना त्याने पाहिले, की खडकांचे थर ठरलेल्या क्रमानेच एकावर एक येतात. आणि दोन थर दिसायला अगदी सारखे असले, तरी त्यांतले जीवाश्म निराळे असतात. म्हणजे शिंपल्यावरून थर ओळखावा! १७९९ मध्ये कालवा कंपनीने त्याला कामावरून काढले. (आमच्या ओळखीचीच गोष्ट!) मग त्याने सारा मुलूख पायांखाली घातला आणि १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला.

१८१९ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला. दगडखाणीचा धंदा बुडाला होता. दोष सगळा दुसऱ्यांचा नव्हता. पण त्याच सुमारास लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने आपला नकाशा काढला, त्यावर त्याचे नाव नव्हते. १८३१ मध्ये सोसायटीने त्याला पदक दिले. नकाशावर मूळ आधार म्हणून स्मिथचे नाव आले ते १८६५ च्या आवृत्तीत. स्मिथ १८३९ मध्येच वारला होता.