बिलियर्ड्सची काठी आणि जवसाचें तेल

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत जाम हें गांव आहे. नागपूर व हैदराबाद या शहरांना जोडणारा महामार्ग या गांवावरून जातो आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. वैशाखांत येथील ऊन अंगाची लाही करतें. आषाढांत हवा अशी दमट होते कीं, घरांतील दारें चौकटींत अडकूं लागतात. लांकूड कापलें, त्यावर रंधा मारला, त्याची वस्तु झाली, तरी तें ओल शोषून फुगतें आणि कोरड्या हवेंत आकसतें, हा अनुभव विदर्भांतील प्रत्येक घरास आहे. लांकडाचा हाच स्वभाव ज्या खेळांत यशापयशाचें कारण होऊन बसतो, त्यांपैकीं एकाचा जन्म जबलपुरांत झाला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

1875 सालीं जबलपूरच्या छावणींत डेव्हनशायर पलटणीचे नेव्हिल चेंबरलेन नांवाचे तरुण अधिकारी होते. पुढें इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हत. बिलियर्ड्सच्या टेबलावरील एका पैजेच्या खेळांत त्यांनीं आणखी रंगीत चेंडूंची भर घातली, व त्यांतून स्नूकर हा खेळ निघाला. नीलगिरीवरील उटकमंडच्या क्लबांत पुढें त्याचे नियम बांधले गेले.

मूळचें बिलियर्ड्स त्याहून पुष्कळ जुनें. युरोपांत आरंभीं चेंडू मारीत नसत, ढकलीत असत. त्यासाठीं टोंकाला चपटा ठोकळा बसविलेली काठी वापरीत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून राहिला कीं ठोकळा अडचणीचा होई. मग खेळाडू काठी उलटी धरून तिच्या निमुळत्या शेंपटीनें चेंडू मारीत. फ्रेंच भाषेंत शेंपटीला जो शब्द आहे, त्यावरूनच ‘क्यू’ हें नांव पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँगो नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें काठीच्या टोंकास चामड्याची टिकली लावण्याची रीति प्रचारांत आणली. टिकलीला खडू लावण्याची चाल पडली व चेंडूला हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. काठी आतां डाव्या हाताच्या बोटांवरून मागें-पुढें सरकूं लागली, आणि तिचा दांडा किती गुळगुळीत आहे, या प्रश्नाला महत्त्व आलें.

तें महत्त्व किती, हें एका उदाहरणावरून कळेल. मुंबईचे मायकेल फरेरा यांनीं 1978 सालीं राष्ट्रीय स्पर्धेंत एकाच पाळींत 1149 गुण केले. बिलियर्ड्समध्यें बहुतेक फटक्यांना दोन किंवा तीनच गुण मिळतात. म्हणजे एवढ्या गुणांसाठीं दांडा बोटांवरून शेंकडों वेळां सरकला असला पाहिजे. त्यांपैकीं एका फटक्यास जरी तो किंचित् अडकला, तरी नेम चुकावा आणि पाळी संपावी! पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं 1958 सालीं कलकत्त्यास व 1964 सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्ड्सचें जगज्जेतेपद मिळविलें, तेंही याच सूक्ष्म खेळांत.

बिलियर्ड्स व स्नूकर यांच्या काठीचा दांडा बहुधा ॲश या झाडाच्या लांकडाचा असतो, व पूल नांवाच्या खेळांतील काठीचा मेपलच्या. दोन्ही झाडें थंड मुलखांतलीं. ॲशचे रेषे ठळक व छिद्रें मोठीं. मेपल घट्ट आणि बारीक पोताचें. दोन्हींवर खेळतांना हाताचा घाम बसतो, त्यांत खडूची पूड मिसळते, आणि पावसाळी हवा त्या लेपाला चिकटपणा आणते.

दांडा चिकटूं लागला कीं उतावळा खेळाडू कांचकागद हातीं घेतो. क्षणभर दांडा आरशासारखा होतो खरा. परंतु मळाबरोबर लांकूडही जातें. स्नूकरच्या काठीचें टोंक साधारण 9 ते 10 मिलिमीटर जाड असतें. दहांतून अर्धा मिलिमीटर घांसला, तर नुकसान विसाव्या हिश्शाचें वाटतें. पण गोल दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें बदलतो. म्हणून तेवढ्या भागाचा ताठपणा जवळजवळ एकपंचमांशानें कमी होतो. काठी नुसती बारीक होत नाहीं, ती दुसरीच काठी होते. आणि गेलेलें लांकूड परत येत नाहीं.

खरी निगा साधी आहे. खेळ संपतांच दांडा मऊ, कोरड्या सुती फडक्यानें पुसावा. मळ हटला नाहीं, तर अगदीं पिळून काढलेलें ओलसर फडकें एकदां फिरवावें व लगेच कोरडें करावें. ओल राहिली तर रेषे उभे राहतात. मग फडक्यानें किंवा चामड्याच्या तुकड्यानें दांडा गरम होईतों भराभर चोळावा, म्हणजे ते पुन्हां खालीं बसतात. काठी भिंतीला तिरपी टेकवून ठेवूं नये, ती वांकते. उन्हांत तापलेल्या मोटारींतही ती विसरूं नये.

तेलाचाही विवेक हवा. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. तें वाळत नाहीं, म्हणूनच खांबावर अंग सहज फिरतें. तेंच तेल बिलियर्ड्सच्या काठीला लावलें तर दांडा कायमचा तेलकट होईल. ॲशच्या काठीला लागतें जवसाचें तेल. हवेंतील प्राणवायु घेऊन तें लांकडांत घट्ट होतें, छिद्रें बुजवितें आणि ओलीस अटकाव करतें. चार थेंब फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवावा, थोड्या वेळानें उरलेलें सर्व पुसून टाकावें व काठी पुरती वाळेपर्यंत खेळूं नये. तेलाचें फडकें मात्र चुरगळून टाकूं नये. तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. तें मोकळ्या हवेंत पसरून वाळवावें.

विदर्भाच्या काळ्या जमिनींत जवसाचें पीक पिढ्यान् पिढ्या घेतलें जात आलें आहे. काठी परमुलखांतील झाडाची, खेळ छावणींतला. पण तिला जपणारें तेल घरचें, आणि जपण्याची रीतिही घरचीच. देवघरांतील समई रोज पुसली तर तिला कधीं खरवडावें लागत नाहीं. काठीचेंही तसेंच आहे. रोजच्या दोन मिनिटांचा आळस केला, कीं त्याची किंमत लांकडानें मोजावी लागते.