नववा लागला, गोळी थांबली

   गरोदरपणातल्या अ‍ॅस्पिरिनच्या इतिहासात नागपूरचं नाव आलं ते आसपासच्या ग्रामीण भागातून.

मार्च २०१६ ते जून २०१८ या काळात सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींची एका चाचणीसाठी निवड झाली. भारतातली केंद्रं दोनच, बेळगाव आणि नागपूर. नागपूरचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे होतं. निम्म्या बायकांना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अकाली प्रसूतीचं प्रमाण ११.६ टक्के, इतरांत १३.१. फरक थोडा, पण गोळी स्वस्त आणि वाटायला सोपी. आरोग्य उपकेंद्राच्या दृष्टीने हे लहानसहान नाही.

गोळी सुरू करायची सहाव्या ते तेराव्या आठवड्यात, आणि थांबवायची छत्तिसावा आठवडा संपला की. हा छत्तीसचा आकडा आला कुठून?

१९७९ साली क्रँडन आणि इशरवुड यांनी नोंदवलं होतं की गरोदरपणात वरचेवर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या बायकांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून होणारा घातक विकार, कमी होतो. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये बोफिल्स यांनी जोखमीच्या १०२ बायकांवर प्रयोग केला आणि आशा वाढली. १९९४ च्या ‘क्लास्प’ चाचणीने ती खाली आणली: नऊ हजारांहून अधिक बायका, रोज ६० मिलिग्रॅम, आणि लाभ जेमतेम. मग २०१७ ची ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणी आली. जोखमीच्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम; मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. तिथेही गोळी छत्तिसाव्या आठवड्यात थांबवली होती.

कारण सावधगिरीचं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचं काम कायमचं बंद करतं. त्यांची जागा नव्या प्लेटलेटनी घ्यायला आठवडा-दहा दिवस लागतात. प्रसूतीत जास्त रक्त जाऊ नये, कमरेत भुलीचं इंजेक्शन देताना धास्ती नको, म्हणून आधीच आवरतं घ्यायचं. पण छत्तीस हा आकडा मोजूनमापून सिद्ध झालेला नाही. चाचणी आखणाऱ्यांनी तो ठरवला आणि मग तो रुळला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना अजून प्रसूतीपर्यंत चालू ठेवा म्हणतात. त्यामुळे एक बहीण नागपुरात आणि दुसरी शिकागोत बाळंत होत असेल, तर दोघींची गोळी वेगळ्या आठवड्यात थांबू शकते.

स्पेनमध्ये २०२३ साली उलटा प्रश्न विचारला गेला: चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यातच थांबवली तर चालेल का? ‘जामा’मधल्या त्या अभ्यासात प्रीएक्लॅम्प्सियाची जोखीम दाखवणारी रक्ततपासणी ठीक असलेल्या बायकांपुरतं उत्तर होकारार्थी निघालं, किरकोळ रक्तस्रावही घटला. मात्र ती तपासणी महागडी. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात तिचा पत्ता नसतो.

विदर्भात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते, तिथला डॉक्टर नवा असतो, आणि गोळी थांबवण्याचा आठवडा ती तिथे असतानाच येतो. सासरच्या डॉक्टरने सुरू केलेली गोळी कुणी कधी बंद करायची, हे तिच्या कार्डावर लिहिलेलं असायला हवं.