सूक्ष्मदर्शक यंत्र आणि आज्ञांची पोथी

रक्ताची तपासणी आज कोणत्या घरांत झालेली नाहीं? ताप चार दिवस उतरला नाहीं कीं डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, दंडाला सुई टोंचली जाते, आणि सायंकाळीं एक कागद हातीं येतो. तांबड्या पेशी एका घन मिलिमीटरांत इतके लक्ष, पांढऱ्या इतके हजार, असे त्यावर आकडे असतात व ते आपण निमूटपणें खरे मानतों. परंतु ते कोणीं मोजले, कसे मोजले, आणि दुसऱ्या कोणीं मोजले असते तर तेच आले असते काय, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. त्याच प्रश्नाचा इतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत 'मॅक्रो' नांवाची एक वस्तु येते. संगणकाशीं ज्यांचा संबंध येतो त्यांनीं हा शब्द ऐकला असेल. इतरांसाठीं तिचा अर्थ ओघानें सांगेन.

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं सतराव्या शतकांत अँटनी व्हान लेव्हेनहूक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः तयार केलेल्या चिमुकल्या भिंगांतून त्यानें पाण्याच्या थेंबांत हालणारे जीव पाहिले, आणि १६७६ सालीं तें वर्तमान लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानें कळविलें. सोसायटीच्या विद्वानांना तें खरें वाटेना. एका थेंबांत इतके सहस्रावधि जीव कसे मावतील! लेव्हेनहूकनें मग प्रतिष्ठित गृहस्थांना, त्यांत धर्मोपदेशकहि होते, भिंगांतून पाहावयास लाविलें आणि त्यांचीं साक्षीपत्रें लंडनला धाडलीं. अखेर १६७७ सालीं रॉबर्ट हूकनें तें निरीक्षण स्वतः करून पाहिलें, तेव्हां कोठें विद्वानांची खात्री पटली. मात्र आपली सर्वांत उत्तम रीत कोणती हें लेव्हेनहूकनें पुरतेपणीं कोणालाच सांगितलें नाहीं. पाहणारा डोळा एकाचा आणि विश्वास सर्वांनीं ठेवावयाचा, ही अडचण सूक्ष्मदर्शकाच्या पाठीमागें अशी आरंभापासूनच लागलेली आहे.

पाहण्याहून मोजणें अधिक कठीण. रक्तांतील तांबड्या पेशी मोजण्याची पहिली शास्त्रीय रीत जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फीरोर्ट ह्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केली. ती फार वेळखाऊ होती. पुढें कांचेच्या जाड पट्टीवर अतिसूक्ष्म चौकटी कोरून त्यांत पातळ केलेल्या रक्ताचा थेंब पसरावा आणि चौकटीगणिक पेशी मोजाव्या, अशी सोय झाली. तेथें लगेच एक तंटा उपस्थित झाला. जी पेशी नेमकी रेघेवर बसली आहे ती आंतली समजावयाची कीं बाहेरची? मोजणारांनीं त्यावर एक सुरेख तोड काढली. चौकटीच्या दोन लगतच्या बाजूंना, समजा वरच्या आणि डाव्या, टेंकलेल्या पेशी धरावयाच्या आणि उरलेल्या दोन बाजूंना टेंकलेल्या सोडावयाच्या. म्हणजे कोणतीहि पेशी दोनदां मोजली जात नाहीं आणि एकहि वगळली जात नाहीं. हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याच्याशीं पुन्हां गांठ पडणार आहे.

ह्या मोजणीत चूक किती राहते, ह्याचा हिशेब डब्लिन येथील गिनेसच्या बिअरच्या कारखान्यांतील विल्यम गॉसेट ह्या गृहस्थानें १९०७ सालीं मांडला. 'स्टूडंट' ह्या टोपणनांवानें तो लिहीत असे. त्याला रक्ताशीं कर्तव्य नव्हतें. त्याला बिअर आंबविणाऱ्या यीस्टच्या पेशी मोजावयाच्या होत्या. एक चौरस मिलिमीटर जागेच्या ४०० चौकटी पाडून त्यानें एकेका चौकटींतील पेशी मोजल्या. पेशी कितीहि सारख्या ढवळल्या आणि मोजणारा कितीहि दक्ष असला तरी चौकटीचौकटींत अंतर पडणारच, आणि तें किती पडेल हें गणितानें आधींच सांगतां येतें, असें त्यानें दाखविलें. शंभर पेशी मोजल्या तर दहांच्या आसपास फरक येतो, म्हणजे शेंकडा दहा. दहा हजार मोजल्या तर शंभराच्या आसपास, म्हणजे शेंकडा एकच. अचूकपणा हवा तर पुष्कळ मोजलें पाहिजे. पण पुष्कळ मोजूं लागलें कीं डोळा थकतो, आणि थकलेला डोळा गॉसेटच्या गणितांत न बसणाऱ्या निराळ्याच चुका करूं लागतो!

हें काम यंत्रावर सोंपवावें असा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर बळावला, ह्यांत नवल नाहीं. १९५१ सालीं एफ. रॉबर्ट्स आणि जे. झेड. यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं दूरचित्रवाणीच्या नळींतील धांवत्या प्रकाशबिंदूनें सूक्ष्मदर्शकाखालचा पदार्थ ओळीओळीनें टिपण्याची युक्ति प्रसिद्ध केली. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल कर्श ह्यानें आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत घातलें. त्या चित्रांत आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते. ठिपका म्हणजे एक अंक. चित्र म्हणजे अंकांचा पट. चित्राचे अंक झाले कीं तें मोजतां येतें, हें तत्त्व येथून पुढच्या साऱ्या गोष्टीचा पाया आहे.

तरी पेशी कोठें सुरू होते आणि कोठें संपते हें संगणकाला कोण सांगणार? १९६६ सालीं जुडिथ प्रूइट आणि मॉर्टिमर मेंडेलसन ह्यांनीं पेशींच्या चित्रांतील काळेपणाची वाटणी तपासून त्यावरून सीमा ठरविण्याची रीत सांगितली. ह्या सीमेला इंग्रजींत जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळीं उंबरठा. उंबरठ्याच्या आंत आला तो ठिपका पेशीचा, बाहेर राहिला तो पार्श्वभूमीचा. १९७९ सालीं नोबुयुकी ओत्सू ह्या जपानी शास्त्रज्ञानें हा उंबरठा चित्राच्या अंकांवरूनच आपोआप ठरविण्याचें सूत्र दिलें, आणि तें आजतागायत वापरांत आहे. परंतु श्रोत्यांनीं एक गोष्ट पाहावी. उंबरठा दोन बोटें वर घेतला कीं फिकट पेशी घराबाहेर पडतात, खालीं घेतला कीं धूळहि पेशी म्हणून घरांत येते. आकडा बदलतो, आणि छापलेल्या निबंधांत त्या दोन बोटांचा उल्लेख कित्येकदां नसतोच.

आतां मॅक्रोकडे वळूं. संगणकाला एकेक बारीक आज्ञा द्यावी लागते. त्याच त्या दहा आज्ञा वारंवार देण्याचा कंटाळा आला, तेव्हां त्या दहांना मिळून एक नांव द्यावें आणि तें नांव उच्चारतांच दहाहि आज्ञा क्रमानें पार पडाव्या, अशी युक्ति निघाली. ह्या मोठ्या आज्ञेला 'मॅक्रो' म्हणूं लागले. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ लांब किंवा मोठा. बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिल्रॉय ह्यानें १९६० सालीं ह्या कल्पनेची विस्तृत शास्त्रीय मांडणी केली. 'मायक्रो'च्या, म्हणजे सूक्ष्माच्या, सेवेला पुढें हा 'मॅक्रो' रुजू झाला, ही शब्दांची गंमत म्हणून सांगतों.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांना मॅक्रो लाभला तो मुख्यत्वें एका सरकारी नोकराच्या हातून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत, मेरीलँडमधील बेथेस्डा येथें, वेन रॅसबँड हा गृहस्थ शास्त्रज्ञांसाठीं सॉफ्टवेअर तयार करण्याचें काम करीत असे. १९८७ सालीं त्यानें 'एनआयएच इमेज' नांवाचें सॉफ्टवेअर मॅकिन्टॉश संगणकासाठीं लिहावयास घेतलें. त्यांत पास्कल भाषेच्या धर्तीवर मॅक्रो लिहिण्याची सोय होती. संघसरकारच्या नोकरानें कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर अमेरिकेंत कोणाचा ग्रंथस्वामित्वाचा हक्क चालत नाहीं. त्यामुळें तें सॉफ्टवेअर प्रथमपासून सर्वांचें झालें. १९९७ सालीं रॅसबँडनें तेंच काम जावा भाषेंत नव्यानें आरंभिलें व त्याला 'इमेजजे' हें नांव दिलें. आतां तें कोणत्याहि बनावटीच्या संगणकावर चालूं लागलें. २०१० सालीं तो नोकरींतून निवृत्त झाला, तरी हें लेखन त्यानें पुढें चालूच ठेविलें. २०१२ सालीं ज्याचा निबंध प्रसिद्ध झाला तें 'फिजी' नांवाचें सॉफ्टवेअर म्हणजे हेंच 'इमेजजे', पुष्कळ जोड-अवजारें भरून दिलेलें. पॅसिफिकांतील बेटांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

'इमेजजे'मध्यें एक सोय आहे, आणि माझ्या मतें साऱ्या सॉफ्टवेअरचें मर्म तीच आहे. तिला 'रेकॉर्डर', म्हणजे नोंदणारा, म्हणतात. शास्त्रज्ञ माउस हातीं घेऊन एकेक काम करूं लागला कीं शेजारच्या खिडकींत हा नोंदणारा गुपचूप लिहीत राहतो. चित्र उघडलें, पार्श्वभूमीचा काळसरपणा वजा केला, त्यासाठीं पन्नास हा अंक घेतला, ओत्सूच्या रीतीनें उंबरठा ठरविला, एकमेकींना चिकटलेल्या पेशी अलग केल्या, मोजल्या. प्रत्येक कृतीची एक ओळ, तिच्यांत कामाचें नांव आणि घेतलेला अंक. पांचसात ओळी होतात, त्याच जपून ठेवल्या कीं मॅक्रो तयार. मॅक्रो लिहिण्यासाठीं संगणकाची भाषा आधीं शिकलीच पाहिजे असें नाहीं. आधीं हातानें करावें, आणि जें केलें तें वाचावें.

आपल्याकडे हें नवें नाहीं. विवाहप्रयोग, श्राद्धप्रयोग अशा पोथ्या आपल्या वडिलांच्या घरीं असत. त्यांत तत्त्वज्ञान नसे. आधीं आचमन, मग संकल्प, मग अमुक दिशेला तोंड, असा कृतीचा क्रमच तेवढा असे. त्या क्रमाला आपले पूर्वज 'प्रयोग' म्हणत. विज्ञानाच्या परीक्षणालाहि आपण तोच शब्द योजला, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. पोथी हाताशीं असली म्हणजे कोंकणांतील उपाध्याय आणि काशींतील उपाध्याय तेंच कर्म त्याच क्रमानें करूं शकतो. मॅक्रोचें तसेंच आहे.

शिवाय मॅक्रो थकत नाहीं. एका चित्रावर जें केलें तेंच फोल्डरांतील हजार चित्रांवर कर, असें त्याला सांगतां येतें. २०१० सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटानें मानवी पेशींतील सुमारें २१,००० जनुकें एकामागून एक निष्प्रभ करून, दरेक वेळीं पेशींचें विभाजन कसें होतें त्याची दोन दोन दिवसांची चलच्चित्रें टिपलीं व संगणकाकडून तपासून घेतलीं. हें कारकुनांच्या पलटणीनेंहि होण्याजोगें नव्हतें. २०११ सालीं तर जर्मनींतील हायडेलबर्ग येथें 'मायक्रोपायलट' नांवाच्या सॉफ्टवेअरनें सूक्ष्मदर्शक यंत्रच हातीं घेतलें: हवी तशी पेशी दिसली कीं आपण होऊन थांबावें आणि तिचीं बारीक चित्रें घ्यावीं, हें तें मनुष्यावांचून करूं लागलें.

ह्या सामर्थ्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. 'इमेजजे'च्या मॅक्रोंत 'बॅच मोड' नांवाची एक आज्ञा आहे. ती दिली कीं चित्रें पडद्यावर न येतां आंतल्या आंत तपासलीं जातात. पडदा रंगविण्याचा वेळ वांचतो, काम कित्येक पट जलद होतें. पण मग तीं चित्रें कोणीच पाहत नाहीं! पन्नासाव्या चित्रांत दिवा मंद झाला होता, शंभराव्यांत बुडबुडा शिरला होता, तरी मॅक्रो बुडबुड्यालाहि पेशी म्हणून मोजतो आणि पुढें जातो. थकलेला मनुष्य इकडेतिकडे चुकतो. मॅक्रो चुकला कीं सर्वत्र सारखाच चुकतो, आणि ही सारखी चूक पुष्कळ चित्रें घेऊनहि घटत नाहीं. गॉसेटचें गणित येथें उपयोगी पडत नाहीं. म्हणून हजारांतून वीस-पंचवीस चित्रें कोणतीहि उचलून डोळ्यांनीं पाहावीं, आणि मग आकड्यावर सही करावी, हा दंडक मी आवश्यक मानतों.

आतां साक्षीच्या प्रश्नाकडे परत येऊं. छायाचित्रांचे अंक झाल्यावर तीं मोजणें सोपें झालें, तसें तीं बदलणेंहि सोपें झालें. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' ह्या नियतकालिकानें २००२ सालापासून स्वीकारलेल्या निबंधांतील चित्रें छापण्यापूर्वीं तपासण्यास आरंभ केला. २०१६ सालीं एलिझाबेथ बिक आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनीं ४० नियतकालिकांतील २०,६२१ निबंध चाळून त्यांतील चित्रांचा अहवाल प्रसिद्ध केला. शेंकडा ३.८ निबंधांत संशयास्पद पुनरुक्त चित्रें सांपडलीं, आणि त्यांतील निदान निम्मीं हेतुपुरस्सर फेरफार केल्यासारखीं दिसलीं. अशा निबंधांच्या आधारें औषधें शोधलीं जातात, पैसा खर्च होतो, रोगी आशा धरतात.

मॅक्रो लबाडाला प्रामाणिक करीत नाहीं. कोणतीं चित्रें टोपलींत टाकलीं आणि पन्नासच हा अंक कां घेतला, हें त्याच्या ओळींत नसतें. परंतु मूळ चित्रें आणि मॅक्रो हीं दोन्हीं निबंधासोबत ठेवलीं असलीं, तर पुण्याच्या प्रयोगशाळेंतील विद्यार्थीहि तीं चालवून तोच आकडा येतो कीं नाहीं हें पाहूं शकतो. लेव्हेनहूकला धर्मोपदेशकांचीं साक्षीपत्रें गोळा करावीं लागलीं. येथें कृति स्वतःच साक्षीस उभी राहते. म्हणूनच अनेक नियतकालिकें लेखकांकडून अशी आज्ञावली मागून घेतात.

आणि तिचें वाचन किती बारकाईनें करावें लागतें, त्याचें एक उदाहरण. 'इमेजजे'मध्यें पेशी मोजण्याची आज्ञा दिली कीं एक खिडकी उघडते, तींत कडेच्या पेशी वगळण्यासाठीं खूण करावयाचा एक चौकोन आहे. तेथें खूण केली तर चित्राच्या चारहि बाजूंना टेंकलेल्या पेशी वगळल्या जातात, दोन बाजूंच्या नव्हेत. पेशींचा आकार मोजावयाचा असला तर अर्धवट कापलेल्या पेशी गाळणें बरोबरच आहे. संख्या मोजावयाची असली तर मात्र आकडा खऱ्याहून कमी येतो, आणि पेशी जितक्या मोठ्या तितका अधिकच कमी. कांचेच्या चौकटीवरचा तो जुना दोन बाजूंचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला मॅक्रोच्या शेवटच्या ओळींतील 'एक्सक्लूड' एवढा एकच शब्द पाहून हा आकडा कोठें तोकडा आहे तें कळतें.