जुन्या लष्करी रायफलचा बोअर बदललाय? किंमत ठरवताना हे पाहा

आजोबांची रायफल सापडली की ‘अँटिक आहे, लाखात जाईल’ असं चार जण सांगतात. पण किंमत नुसत्या वयावर ठरत नाही. बदल कोणी केला, हे आधी पाहिलं जातं.

ओळखीचं उदाहरण थ्री-नॉट-थ्रीचं. इंग्रज अमलात बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात यातील काही रायफली पोलीस व पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरच्या करण्यात आल्या. नळीच्या आतल्या पीळदार खाचा काढल्या, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवला. त्यामुळे एका वेळी एकच काडतूस भरता येतं.

असा सरकारी बदल इतिहासाचा भाग असल्याने संग्राहक त्याला मोल देतात. गावठी कारागिराने केलेला बदल किंमत पाडतो.

काय तपासाल?
– नळी आणि बोल्टवरचे नंबर जुळतात का
– कारखान्याचं नाव, साल, नव्या बोअरचा शिक्का
– लाकूड मूळचं आहे का. घासूनपुसून चकाकी आणू नका

बदललेल्या रायफलमध्ये जुन्या बोअरचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं.

शस्त्र कायदा १९५९ नुसार दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच सूट आहे. चालू रायफल शंभर वर्षांची असली तरी परवाना हवाच. विनापरवाना बोअर बदलणं गुन्हा आहे. परवानाधारक वारले असतील तर रायफल आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. किमतीचं नंतर बघता येईल.